पडद्याआडून सांगितलेली मापं

प्रिय धाकटे,

त्या सकाळी मी दोरीला बांधलेला लोहचुंबक जमिनीवरून फिरवून टाचण्या गोळा करत होते. रोजचंच काम. आधी टाचण्या, मग केर, मग इस्त्रीत पाणी, मग मशीनला तेल आणि तेल घातल्यावर एखादी चिंधी तिच्याखालून उगाच शिवून काढायची, म्हणजे डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर उतरत नाही. तुझा दादा कापायच्या टेबलापाशी उभा राहून खडूला पात्याने धार लावत होता. दुकानाचं दार अजून आतून बंद होतं. तू मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आलीस. अंगात तोच जुना सैल कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दादा म्हणाला, 'आल्या का बाईसाहेब प्रशिक्षणाहून? काय शिकवलं तिथे, फळा पुसायला?' तू म्हणालीस, 'नाही, शिंप्यांची तोंडं शिवायला.' दोघंही हसलात. त्याने तुझ्यापुढे चहाचा कप केला आणि तू तो उजव्या हाताने घेतलास. मग म्हणालीस, 'वहिनी, नवा कोट शिवायचाय, माप घे,' आणि माप घ्यायच्या कोपऱ्यातला पडदा ओढलास. एरवी पडदा मी ओढते. त्या दिवशी तू ओढलास.

पडद्याच्या आत काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. पडद्याच्या बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच बसले आहे, पण सरळ तिथे जाऊन उभी राहायची छाती होत नाही. तेव्हा आधी बातमी सांगते.

मी पुस्तक काढते आहे. हस, मनसोक्त हसून घे, मी थांबते.

आता ऐक. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, पण लांब वाक्य असलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. तू दप्तर टाकून खेळायला पळायचीस आणि मी तुझी पुस्तकं उघडून ओठ हलवत बसायची. पुढे दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली मासिकं वाचायला लागले. त्यातल्या गोष्टी क्रमशः असायच्या आणि शेवटचा अंक कोणीतरी हमखास पळवलेला असायचा. कितीतरी गोष्टींचे शेवट माझे मलाच लावावे लागले. हे खूळ डोक्यात शिरलं ते बहुधा तिथूनच.

मास्तर गेल्यावर (तुझ्या दादाला मी मास्तरच म्हणायची, सगळ्या गिऱ्हाइकांसारखं, आणि तू शाळेत शिकवायला लागल्यावर घरात दोन मास्तर झाले म्हणून आपण किती खिदळायचो) नवे कपडे शिवणं मी बंद केलं. आता फक्त दुरुस्ती. कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. माप मात्र अजून पडद्याआडच घेते आणि आकडे अजून मोठ्याने म्हणते. पलीकडे टेबलापाशी कोणी नाही हे मला कळतं गं, मी काही वेडी नाही. पण तोंडाला वळण पडलंय. एक बाई परवा विचारत होत्या, 'कोणाला सांगताय?' म्हटलं, 'स्वतःलाच, विसरायला होतं हल्ली.'

तर संध्याकाळी दुकान मिटलं की हात मोकळे राहायचे. टेबलाखाली मास्तरांच्या बेतण्यांचे, कापड ज्यावरून कापायचे ते खाकी कागद गठ्ठ्याने पडलेले. त्यांच्या पाठीवर मी लिहायला लागले. काय लिहिणार? मला माहीत ते. कपडे आणि ते घालणारी माणसं. लग्नाचा कोट न नेलेला माणूस, मुलाचा शर्ट स्वतःच्या मापाचा करून मागणारी आई, असं. एक अख्खी गोष्ट बाहीच्या आकाराच्या कागदावर आहे, त्यामुळे मनगटाशी आल्यावर मला ती आवरती घ्यावी लागली. वाचनालयातल्या बाईंना एकदा भीत भीत दाखवली. त्या म्हणजे खाष्ट. पुस्तकाचं पान दुमडलं तर माणसाचा कान दुमडतील. वाचलं, नाक पुसलं, म्हणाल्या, 'सर्दी झालीय मला.' आणि पुढे, 'अजून आहेत का?'

त्यांच्याच सांगण्यावरून दोन प्रकाशकांकडे पाठवलं. एकाने उत्तर दिलंच नाही. दुसऱ्याने लिहिलं, आपलं लेखन प्रामाणिक आहे, परंतु. त्या परंतुच्या पुढे बरंच होतं, पण मी परंतुलाच उभी राहिले. शिवणकामात आम्हीही असंच म्हणतो, कापड छान आहे, परंतु. तेव्हा बाई म्हणाल्या, स्वतःचं स्वतः काढा, हल्ली पुष्कळ जण काढतात, हव्या तेवढ्याच प्रती छापून मिळतात. तुझ्या भाचीने, माझ्या लेकीने, सगळं टाइप करून दिलं. ते खाकी कागद उलटेसुलटे करून वाचताना तिची मान दुखली. म्हणाली, 'आई, ही गोष्ट काखेपाशी वळते आहे.'

मला वाटलं होतं, लिहून झालं की पुस्तक झालं. कसलं काय! लिहिणं म्हणजे नुसतं कापड बेतणं गं. मुखपृष्ठावर काय, मागच्या पानावर काय, अक्षर केवढं, किंमत काय, पुस्तक कोणाला अर्पण, सगळं मलाच विचारतात. छापखानेवाल्याला मी मनात 'घाई नाही' असं नाव ठेवलंय. दर वाक्याला 'घाई नाही हं, बाई' म्हणतो आणि रोज सकाळी फोन करतो. लेखिकेचा परिचय लिहून द्या म्हणाला. लिहायला बसले, तर 'शिवणकाम करते' याच्या पुढे गाडी जाईना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, 'लेखिका असं लिही ना.' म्हटलं, 'खोटं कशाला?' म्हणाली, 'अगं, पुस्तक कोणाचंय मग?' फोटो काढायला गेले तर तोंडात टाचण्या धरून धरून ओठ मिटायची जी सवय, ती तिथेही सुटेना. फोटोतली बाई कोणाचं तरी भांडण उकरून काढायला निघाल्यासारखी दिसते. तोच छापतायत.

नमुन्याची एक प्रत आली त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. प्रत उघडून पाहिली, लगेच मिटली, आणि इस्त्रीच्या चादरीखाली ठेवली. जणू काही चोरून आणलीय. दाराची घंटा वाजली की दचकते. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली, मशीनवर बसायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. सगळी उसवली. उसवताना बोट कापलं. जेवताना मनात येतं, हे लोक वाचतील. काम करताना मनात येतं, कोणी वाचणारच नाही. आणि दोन्हींची भीती सारखीच वाटते, याला काय म्हणावं?

पण खरी भीती ती नाही. खरी भीती बाईंनी नमुना वाचून परत दिला तेव्हा सुरू झाली. त्या हसत होत्या. त्या हसतात हेच मला नवीन. म्हणाल्या, 'तुमच्या दुसऱ्या गोष्टीतला तो सरकारी अधिकारी म्हणजे आपला पोस्टमन ना?'  मी त्याचं नाव बदललं होतं, नोकरी बदलली होती, बायकोला माहेरी पाठवलं होतं. पण पिशवीच्या ओझ्याने त्याचा एक खांदा खाली उतरलाय, आणि मास्तर त्याच्या कोटाच्या त्या खांद्यात आतून भर घालायचे, ती मात्र जशीच्या तशी लिहून ठेवली होती. मग मी सगळं पुस्तक त्या नजरेने वाचलं. पानोपानी तेच. नावं एकूण एक बदललेली, मापं एकही नाही. पाववाल्याचं पोट, चष्म्याच्या दुकानातल्या बाईंची बारीक मनगटं, हेडमास्तरांचा एक आखूड पाय. मला वाटत होतं मी माणसं लपवलीयत. मी नुसत्या नावाच्या चिठ्ठ्या काढून कपडे खुंटीवर टांगून ठेवले होते. आमच्या आळीत कोणाचा कपडा कुठला हे कोणालाही कळतं.

मग सुरू झाला खटाटोप. पोस्टमनचा खांदा पाववाल्याला दिला, पाववाल्याचं पोट हेडमास्तरांना. कुठे बसेचना. गोष्ट मागून आणलेल्या कोटासारखी लोंबायला लागली. शेवटी उठले आणि सरळ पोस्टमनकडे गेले. म्हटलं, तुम्ही माझ्या पुस्तकात आहात, चालेल का? तो आधी घाबरला. मग वाचलं. मग म्हणाला, 'फोटो छापणार का माझा?' पाववाल्याला एवढंच विचारायचं होतं की गोष्टीतला माणूस मरतो का. नाही म्हटल्यावर त्याने मला पाव दिला. अशी एकेकाकडे जाऊन आले. सगळे हो म्हणाले. एकच माणूस राहिलं.

ते माणूस तू आहेस, धाकटे. शेवटची गोष्ट तुझी आहे. आणि छापखान्याला मला उद्या सांगायचंय, ती ठेवायची की काढायची.

नावं नाहीत तिच्यात. शिंपी आहे, त्याची बायको आहे आणि शिंप्याची बहीण आहे. बहिणीची डावी छाती ऑपरेशन करून काढलेली आहे. बाईंनी ती वाचली तेव्हा त्या हसल्या नाहीत. पुस्तक मिटून विचारलं, 'ही कोण?' मी म्हटलं, 'कोणी नाही.'  आमच्या आळीत शिंपी एकच होता, आणि त्याला बहीण एकच.

थांब, रागावून पत्र ठेवून देऊ नकोस. आता पडद्यापाशी येते.

तू कोट काढलास. मी पाहिलं, आणि प्रशिक्षण कसलं होतं ते कळलं. तू माझा हात धरलास आणि ओठांवर बोट ठेवलंस. कुजबुजत म्हणालीस, 'दादाला कळता कामा नये. आईच्या वेळी काय झालं होतं त्याचं, तू ऐकलंयस ना? शपथ घे.' मी मान हलवली. आईंना याच दुखण्याने नेलं आणि त्यांची सगळी सेवा मास्तरांनी केली, तू तेव्हा लहान, हे सगळं मला ऐकून ठाऊक होतं. मग बाहेरून मास्तरांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, 'हं, सांग.' तुला आठवतं, तेव्हा बायकांची मापं मी पडद्याआड घ्यायची आणि आकडे मोठ्याने सांगायची, ते बाहेर उतरवून घ्यायचे. तुझ्या अंगाला टेप लावायचा माझा हात होईना. मी तुझ्या लग्नाच्या वेळच्या कोटाची मापं म्हणून टाकली. खांदा, छाती, कंबर, सगळी. मला पाठ होती. तू डोळ्यांनी 'शाबास' म्हणालीस.

माझा बेत असा होता, मास्तर कोट शिवतील, शेवटचं हातकाम आणि अस्तराची तुरपाई माझ्याकडे येईल, तेव्हा मी डाव्या बाजूचं अस्तर गुपचूप उसवून आत भर घालीन. पण या खेपेला मास्तर म्हणाले, 'धाकटीचा कोट आहे, अख्खा मीच करतो.' तुरपाईसुद्धा त्यांनीच केली. तयार कोट हँगरवर लागला. मास्तर चहा करायला आत गेले तसं मी पातं घेतलं, अस्तराचा एक टाका उचलला आणि बोट आत घातलं.

आत भर होती. मऊ लोकरीचे थर, एकावर एक, बारीक टाक्यांनी गोलाकार शिवत आणलेले, कडेला विरत जाणारे. फक्त डाव्या बाजूला. उजवी बाजू साधी. आणि डाव्या काखेत एक जास्तीचा चौकोनी तुकडा जोडलेला, असा की हात वर केला तर कोट ओढला जाऊ नये. तू डावखुरी. फळ्यावर लिहायला तुला तोच हात उचलावा लागतो.

बोट अजून आतच होतं. मास्तर दोन कप घेऊन आले आणि म्हणाले, 'उसवू नकोस गं, आत्ताच बसवलंय.'

मी म्हटलं, 'तुम्हाला कोणी सांगितलं?'

म्हणाले, 'तूच.'

'मी? मी कधी?'

'टेप फिरवताना तू आकड्याआकड्याला थांबतेस, श्वास घेतेस. त्या दिवशी पाढे म्हटल्यासारखे घडाघडा म्हणून मोकळी झालीस. आणि लग्नातली मापं इतक्या वर्षांनी तीच? अगं, माणसाचं सोड, पडद्याचंसुद्धा माप एवढं टिकत नाही.' मग कप खाली ठेवला. 'आणि तिने चहा उजव्या हाताने घेतला. आईचंही तसंच. तिचाही हात वर जाईनासा झाला होता.'

मी रडायला लागले. ते रडले नाहीत. पदराने नाही, इस्त्रीच्या ओल्या फडक्याने त्यांनी माझं तोंड पुसलं, म्हणाले, 'डाग पडेल कोटावर, लांब हो.' मी म्हटलं, आता तिला सांगूया, तुम्हाला कळलंय म्हणून. तर म्हणाले, 'नको. तिला वाटतंय ती मला वाचवतेय. तेवढ्या जोरावर उभी आहे ती. उभी राहू दे.' आणि माझ्याकडून वचन घेतलं. तू आधीच घेतलेलं होतंस. अशी मी तुम्हा भावाबहिणीच्या मधे पडद्यासारखी लोंबत राहिले, एका बाजूने तू, दुसऱ्या बाजूने ते.

तू कोट घालून पाहिलास, आरशासमोर हात वर केलास, तो पूर्ण वर गेला, आणि तू मला मिठी मारून म्हणालीस, 'वहिनी, तुझ्या हातात जादू आहे गं.' मी तुझी कॉलर सरळ केली.  त्यानंतरचे सगळे कोट, सगळी जाकिटं, तू दरवेळी माझेच आभार मानलेस. ते सगळे मास्तरांचे होते. तुझी तब्येत सुधारली तशी त्यांनी भर बदलत नेली, तू बारीक झालीस तेव्हा कमी केली, पुन्हा भरलीस तेव्हा वाढवली, आणि मापं मी कधी खरी सांगायची, कधी खोटी, त्यांना फरक पडत नसे. तू गेलीस की एकच विचारायचे, 'हात पूर्ण वर गेला?' मी 'हो' म्हटलं की पुढचं कापड टेबलावर घ्यायचे. तुला फोन स्वतःहून कधी करायचे नाहीत, ते खरं. बोलता बोलता तोंडातून जाईल अशी त्यांना धास्ती असायची. म्हणून मला करायला लावायचे आणि फोन ठेवला की विचारायचे, आवाज कसा होता.

हे सगळं मी त्यांच्यासोबतच जाऊ दिलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ते गेल्यावर त्या आठवड्यात आपण दोघी स्वयंपाकघरात कप विसळत होतो, आठवतं? लोक बाहेर बसलेले. तू कप पुसता पुसता म्हणालीस, 'दादा फार चांगला होता गं, पण दुसऱ्याचं दुखणं त्याला कधी दिसलं नाही.' रागाने नाही म्हणालीस. थकून म्हणालीस. स्वतःच लपवलंस आणि स्वतःच वाट पाहत राहिलीस, कोणी न सांगता ओळखेल म्हणून. मला ते समजतं. मी पण तशीच आहे. माझ्या हातातला कप तसाच नळाखाली धरलेला राहिला. तोंडाशी आलं होतं. पण वचन होतं, आणि तेव्हा ते जाऊन चारच दिवस झाले होते. तू निघून गेलीस, आणि त्यानंतर तू या दाराकडे फिरकलीच नाहीस. फोनवर बरं आहे, बरं आहे, एवढंच.

ते वाक्य काही माझ्या कानातून गेलं नाही. कातरीला धार लावताना ऐकू यायचं, भाजी चिरताना ऐकू यायचं. सगळ्यांत पहिली लिहिली ती ही गोष्ट. बाकीच्या हात बसावा म्हणून नंतर लिहिल्या, आणि पुस्तकात हिला मुद्दाम शेवटी घातलं. मी मनाशी म्हटलं, नाव नाही घातलं तर वचन मोडल्यासारखं होत नाही. पुस्तक तुझ्या हाती लागेल, तू वाचशील, तुझं तुला कळेल, आणि मी कोणाला काही सांगितलं असं होणार नाही. बघ, किती शहाणपण! ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तुझ्याबरोबर ते अख्ख्या आळीलाही कळेल, हे बाईंनी 'ही कोण' विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. त्या म्हणतात, 'बाकीचं पुस्तक बरं आहे. या गोष्टीमुळे ते चांगलं आहे. काढू नका.' आणि 'घाई नाही' म्हणतो, उद्या यंत्रावर चढवायचंय, ठेवा नाहीतर काढा, पण सांगा.

ठेवली तर पाववाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे तुझ्या कोटाकडे बघतील. तू वर्गात उभी राहशील आणि कोणाची तरी आई तुझ्या डाव्या बाजूकडे बघेल. काढली तर मास्तर होते तसे कोणालाच कळणार नाहीत, तुलासुद्धा. आणि माझं पुस्तक, पहिलं आणि बहुधा शेवटचं, नुसतं बरं राहील. दुपारपासून हेच उलटसुलट करते आहे. तुला फोन लावला होता, तू वर्गात असणार, उचलला नाहीस. दुसऱ्यांदा लावला नाही. फोनवर तू 'ठेव' म्हणशील, मला बरं वाटावं म्हणून. ओळखते मी तुला. तू सगळ्यांनाच वाचवायला बघतेस. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि अजून मला ठाऊक नाही उद्या मी त्याला काय सांगणार आहे.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी टाचण्या गोळा केल्या, इस्त्रीत पाणी भरलं, आणि दुकान न उघडता छापखान्यात गेले. ती गोष्ट काढायला सांगितली. तो म्हणाला, 'बाई, शेवटची पानं कोरी राहतील, लोक म्हणतील छापायचं विसरले.' म्हटलं, राहू देत कोरी. शिवणीत थोडं कापड जास्तीचं ठेवतात, तसं समजा. अर्पण कोणाला हे रिकामं सोडलं होतं, तिथे 'पडद्याबाहेर बसलेल्या माणसाला' एवढं लिहून दिलं. ती गोष्ट छापलेली प्रत जगात एकच आहे, नमुन्याची. बाकी कोणाला ती मिळणार नाही. तुझ्यासाठीच ती लिहिली होती, हे मला छापखान्याच्या पायऱ्या उतरताना कळलं. पुस्तक काढायला निघाले तेही त्यासाठीच असेल, कोण जाणे. मास्तरांना दिलेलं वचन मी मोडलं आहे, आणि तुला दिलेलं पाळलं आहे. तुझा तो पहिला कोट अजून असेल तर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातलं अस्तर बघ, एक टाका बाकीच्यांहून वेगळा आहे. तो मी उचललेला आणि पुन्हा घातलेला. बाकी सगळे तुझ्या दादाचे आहेत. प्रत आणि हे पत्र एकत्र बांधून पोस्टमनच्या हातात दिलं. आणि दुकान उघडलं.

तुझीच,
वहिनी